ज्येष्ठांचा शाफ्ट: एका सोयीस्कर समजाचा प्रतिवाद

साठी ओलांडलेल्या गोल्फपटूने ‘सीनियर’ असा शिक्का असलेला मऊ शाफ्ट घ्यावा, हा नियम गोल्फच्या दुनियेत इतक्या सहजपणे सांगितला जातो की त्याला आधार काय, हे कोणी विचारतच नाही. दुकानदार गिऱ्हाइकाचे पिकलेले केस पाहून तो सांगतो, मैदानावरचे जुनेजाणते सांगतात, आणि परदेशातून वडिलांसाठी सेट आणणारी मुलेही खोक्यावरचा तोच शब्द वाचून निर्धास्त होतात. त्याच्या जोडीला आणखी तीन समज चालत आलेले आहेत: मऊ शाफ्ट चेंडू लांब फेकतो, कमी लॉफ्टचा ड्रायव्हर जास्त अंतर देतो, आणि सेट जितका हलका तितका उतारवयाला चांगला. सरसकट नियम म्हणून हे चारही समज चुकीचे आहेत. त्यांत सत्याचा अंश आहे; तो तेवढाच मान्य करून बाकीचे नाकारले पाहिजे. क्लब निवडण्याचे माप वय नाही, चेंडूचे उड्डाण हे आहे. त्या मापाने पाहिले तर ज्येष्ठ खेळाडूने आधी लॉफ्ट ठरवावा आणि मग शाफ्टकडे वळावे.

हा प्रश्न मुंबईतल्या दोनचार जुन्या क्लबांपुरता मर्यादित नाही. मध्य रेल्वेवर कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधल्या विठ्ठलवाडीत गोल्फचे मैदान नाही. तिथून खेळायला निघणाऱ्याला शिळफाटा-तळोज्याच्या वाटेने खारघर गाठावे लागते, जिथे सिडकोने पांडवकड्याच्या परिसरातल्या डोंगरांच्या पायथ्याशी सर्वांना खुले असलेले मैदान उभारले आहे. नाहीतर कोणा सभासदाचा पाहुणा म्हणून चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात जावे लागते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर खेळाला लागलेल्या अशा माणसाच्या हाती बहुधा कोणीतरी वापरलेला किंवा मुलाने अमेरिकेहून आणलेला सेट येतो. तो घेण्याआधी दहा चेंडू मारून पाहण्याची सोय जवळपास नसते. जिथे मोजमाप नाही तिथे ठोकताळाच कायदा होतो, आणि घेतलेला सेट पुढची दहा वर्षे बदलला जात नाही. म्हणून ठोकताळा चुकीचा असेल तर त्याची सर्वांत मोठी किंमत मैदानापासून दूर राहणारा हा खेळाडूच मोजतो.

पहिला समज वयाचा. वयाबरोबर स्नायूंची ताकद घटते, कंबर आणि खांदे पूर्वीइतके वळत नाहीत, मनगटे आखडतात आणि स्विंगचा वेग उतरतो, हे खरे. पण तो किती उतरतो, हे जन्मतारीख सांगत नाही. टॉम वॉटसन 2009 साली टर्नबेरीच्या ओपन स्पर्धेत वयाच्या 59व्या वर्षी विजेतेपदापासून एका फटक्यावर होता आणि स्टुअर्ट सिंककडून प्लेऑफमध्ये हरला. बर्नहार्ड लँगरने 2023 साली यूएस सीनियर ओपन जिंकली तेव्हा तो 65 वर्षांचा होता. महूच्या मुकेश कुमारने 2016 मध्ये दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकली ती 51व्या वर्षी. हे व्यावसायिक आहेत, त्यांचे उदाहरण सामान्य खेळाडूला कसे लागू पडेल, असा आक्षेप निघेल. लागू पडते ते एवढ्याचपुरते की वय आणि वेग यांची सांगड पक्की नाही. आयुष्यभर कुस्ती, व्हॉलीबॉल किंवा क्रिकेट खेळलेला 68 वर्षांचा माणूस ताशी 90 मैल वेगाने ड्रायव्हर फिरवू शकतो. आयुष्यभर टेबलाशी बसलेला 48 वर्षांचा माणूस 78 मैलांवर अडतो. दोघांना वयावरून शाफ्ट द्यायचा म्हणजे पहिल्याला गरजेपेक्षा मऊ आणि दुसऱ्याला गरजेपेक्षा कडक. चष्म्याचा नंबर कोणी वय विचारून देत नाही. डोळे तपासूनच देतात.

वयाच्या नियमाचा दुसरा दोष असा की ज्या शिक्क्यावर तो उभा आहे, त्या शिक्क्यालाच ठरलेला अर्थ नाही. शाफ्टवर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरे असतात. ती चढत्या कडकपणाची खूण मानली जातात आणि त्यातले ‘ए’ किंवा ‘एम’ हे सीनियरचे. पण कोणत्या अक्षराचा शाफ्ट नेमका किती कडक असावा, याचे सर्व कंपन्यांना बांधणारे कोणतेही मानक नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्था क्लबची लांबी, ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान आणि त्याच्या फेसची लवचीकता यांवर मर्यादा घालतात. फ्लेक्सच्या अक्षरांना त्या हात लावत नाहीत. त्यामुळे एका कंपनीचा ‘सीनियर’ दुसऱ्या कंपनीच्या ‘रेग्युलर’इतका कडक निघू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तेच अक्षर दोन वेगळ्या गोष्टी सांगते. शाफ्टची मूठ पकडीत घट्ट धरून टोक हलवले की ते मिनिटाला किती वेळा कंप पावते, हे मोजणारे यंत्र असते. कडकपणाची तुलना करायची तर त्या आकड्यावरून करता येते, अक्षरावरून नाही. तो आकडाही पुरता बोलका नसतो, कारण तो बहुतांशी मुठीकडच्या भागाचा कडकपणा सांगतो. एकच आकडा असलेले दोन शाफ्ट टोकाकडे निरनिराळे वागू शकतात. वापरलेल्या सेटमध्ये तर शाफ्ट मुळात कापून आखूड केलेला आहे का, हेही कळत नाही, आणि कापलेला शाफ्ट कडक होतो. अशा शिक्क्यावर विसंबून पैसे मोजणे म्हणजे आंधळ्या विश्वासाचा व्यवहार.

आता मऊ शाफ्ट लांब फेकतो, या समजाकडे. हा समज चाबकाच्या चित्रावर पोसलेला आहे: शाफ्ट मागे वाकतो, आघाताच्या क्षणी झटक्याने सरळ होतो आणि डोक्याला जादा वेग देतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. खाली येताना हात ओढतात, डोके मागे राहते, शाफ्ट मागे वाकतो; इथवर चित्र बरोबर आहे. पण क्लबच्या डोक्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो, तो तिच्या मागे आणि बाहेर असतो. आघात जवळ येतो तसा बाहेर खेचणारा जोर तो मध्य शाफ्टच्या ओळीत आणू पाहतो. परिणामी चेंडूला भिडताना शाफ्ट पुढे वाकलेला असतो, फेस थोडा अधिक वर पाहू लागतो आणि टो खाली झुकतो. कॅनडातले संशोधक साशो मॅकेन्झी आणि एरिक स्प्रिगिंग्ज यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्विंगच्या संगणकीय प्रतिकृतीवर निरनिराळ्या कडकपणाचे शाफ्ट तपासले. शाफ्टच्या कडकपणाने डोक्याच्या वेगात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो आघाताच्या वेळी फेस कोणत्या कोनात होता, यात.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मऊ शाफ्टने ज्येष्ठ खेळाडूचा चेंडू कधी कधी खरोखरच लांब जातो. पण तो शाफ्टने वेग वाढवला म्हणून जात नाही. फेस एकदोन अंश जास्त वर पाहू लागला, चेंडू उंच उडाला आणि म्हणून लांब पडला. म्हणजे ज्या फायद्याचे श्रेय शाफ्टला दिले जाते, तो फायदा लॉफ्टचा आहे. तो लॉफ्ट थेट क्लबच्या डोक्यातून घेता येतो, आणि तसा घेतलेला लॉफ्ट प्रत्येक फटक्याला तोच राहतो. शाफ्टच्या वाकण्यातून मिळणारा लॉफ्ट स्विंगच्या लयीवर अवलंबून असतो; आज मिळतो, उद्या हुकतो.

याचा अर्थ शाफ्टचा कडकपणा निरर्थक आहे, असा मात्र नाही. तो निवडायचा कशावरून, एवढाच प्रश्न आहे. केवळ वेग पाहून उपयोग नाही. वरून खाली येण्याच्या वळणावर खेळाडू किती झटका देतो, ते पाहावे लागते. ताशी 80 मैल वेगाचा, पण वरून घाईने तुटून पडणारा खेळाडू शाफ्टवर जो भार टाकतो, तो 88 मैल वेगाच्या पण संथ, सलग लयीच्या खेळाडूपेक्षा जास्त असू शकतो. पहिल्याला मऊ शाफ्ट दिला तर डोके कुठे आहे याचा त्याला अंदाज लागत नाही आणि फटके दोन्ही बाजूंना पांगतात. तसेच, अनेक ज्येष्ठ खेळाडू चेंडू वर उचलण्यासाठी आघाताच्या आधीच मनगटे सोडतात. त्यांचा चेंडू मुळातच उंच आणि आखूड जातो. त्यांच्या हाती टोकाकडे मऊ असलेला शाफ्ट देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. उलट संथ लयीच्या, मनगटे उशिरा सोडणाऱ्या आणि चेंडू खाली राहणाऱ्या खेळाडूला मऊ शाफ्टचा खरा उपयोग होतो. एकाच वयाच्या, एकाच वेगाच्या दोन माणसांना उलट उत्तर मिळते, ते यामुळे. सब घोडे बारा टक्के हा हिशेब इथे चालत नाही.

तिसरा समज लॉफ्टचा, आणि नुकसानीच्या दृष्टीने तो सर्वांत महाग. 9 अंशांचा ड्रायव्हर तगड्या खेळाडूचा आणि 12 अंशांचा दुबळ्याचा, अशी एक भावना मैदानावर असते. तिच्यामागचा तर्क असा की कमी लॉफ्टमुळे आघात अधिक सरळ बसतो आणि चेंडूला जास्त वेग मिळतो. तर्काचा हा पहिला भाग बरोबर आहे, पण हिशेब तिथे संपत नाही. चेंडू हवेत टिकतो तो वेग, निघण्याचा कोन आणि उलटी फिरकी यांच्या मेळावर. उलट्या फिरकीमुळे चेंडूला वर उचलणारा जोर मिळतो आणि तो जोर चेंडूच्या वेगाबरोबर वाढतो. ताशी 113 मैल वेगाने क्लब फिरवणाऱ्या व्यावसायिकाचा चेंडू 11 अंशांच्या आसपास निघूनही उचलला जातो, कारण वेगच तेवढा असतो. ताशी 80 मैल वेगाच्या खेळाडूचा चेंडू सुमारे 115 मैल वेगाने सुटतो. त्याच कोनात सुटला तर त्याला उचलायला पुरेसा जोर नसतो आणि तो लवकर खाली येतो. या वेगाच्या खेळाडूला साधारण 14 ते 16 अंशांत निघणारा चेंडू लागतो.

याचा पुरावा ट्रॅकमन कंपनीने रडारवर केलेल्या मोजणीत दिसतो. एलपीजीए टूरवरच्या महिला खेळाडूंचा ड्रायव्हरचा वेग सरासरी ताशी 94 मैलांच्या आसपास, म्हणजे चांगल्या हौशी पुरुषाइतकाच. तरीही त्यांचा चेंडू हवेतून 218 यार्डांच्या आसपास जातो. त्याच वेगाच्या बहुतेक हौशी पुरुषांचा एवढा जात नाही. त्या मध्यावर मारतात, चेंडूला किंचित वर जाताना भिडतात आणि तो पुरुष व्यावसायिकांपेक्षा उंच कोनात सोडतात. ज्येष्ठ पुरुष खेळाडूने आदर्श म्हणून कोणाकडे पाहायचे असेल तर ते या खेळाडूंकडे. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या तिशीतल्या पुरुषाचा 9 अंशांचा ड्रायव्हर त्याच्या कामाचा नाही.

जास्त लॉफ्टचा आणखी एक लाभ सहसा सांगितला जात नाही. फेस आणि स्विंगची दिशा यांत जेवढी तफावत असते, तेवढा चेंडू बाजूला वळतो. पण तफावत तीच असताना लॉफ्ट जास्त असेल तर फिरकीचा आस कमी कलतो आणि चेंडू कमी वळतो. उजवीकडे पळणारा चेंडू ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार. तिच्यावर 12 अंशांचा ड्रायव्हर 9 अंशांच्या ड्रायव्हरपेक्षा सौम्य असतो. ज्या ड्रायव्हरची मान चावीने फिरवून लॉफ्ट बदलता येतो, त्यात लॉफ्ट वाढवला की फेस जमिनीवर ठेवताना थोडा मिटलेला बसतो, त्याचीही इथे मदतच होते. मात्र जो खेळाडू चेंडूला वरून खाली येताना मारतो, त्याला 80 मैल वेगाला 12 अंशही अपुरे पडतात. जो वर जाताना मारतो, त्याचे 10.5 अंशांत भागते. म्हणजे इथेही वय नव्हे, आघाताचा कोन उत्तर देतो.

आयर्नच्या बाबतीत लॉफ्टचा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण इथे खेळाडूला चुकीची माहिती आकड्याच्या रूपाने मिळते. अर्ध्या शतकापूर्वी 7 नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 38 अंशांच्या आसपास असे. आज हौशी खेळाडूंसाठी बनणाऱ्या अनेक सेटमध्ये तो 28 ते 30 अंश असतो. फेस पातळ आणि लवचीक झाले, वजन खाली सरकले, म्हणून चेंडू कमी लॉफ्टनेही उंच उडतो, हे उत्पादकांचे समर्थन. वेगवान खेळाडूच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. संथ खेळाडूच्या बाबतीत खालच्या नंबरांवर ते कोसळते. 7 नंबर 29 अंशांचा झाला की 5 नंबर 22 किंवा 23 अंशांवर येतो, म्हणजे जुन्या 3 नंबरपेक्षाही उभा. तो जुना 3 नंबर पंचविशीतल्या तरुणालाही पेलत नसे. क्लबरचनाकार टॉम विशन यांनी हौशी खेळाडूंसाठी सांगितलेली मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे: 24 अंशांपेक्षा कमी लॉफ्टचे किंवा 38 इंचांपेक्षा लांब आयर्न बहुतेकांच्या हाताबाहेरचे. ज्येष्ठांच्या बाबतीत ही मर्यादा 28 अंशांच्या आसपास आणणे रास्त ठरते.

अंतर म्हणजे चेंडू किती लांब पडला एवढेच नाही. तो ग्रीनवर थांबला पाहिजे. त्यासाठी त्याने जमिनीकडे सुमारे 45 अंशांच्या उतरत्या कोनात यावे लागते. 29 अंशांच्या 7 नंबरने 130 यार्ड गेलेला पण सपाट उतरलेला चेंडू ग्रीनच्या मागे निघून जातो. 34 अंशांच्या आयर्नने 118 यार्ड गेलेला आणि उतरून थांबलेला चेंडू पार करू देतो. नंबरावरून बढाई मारता येते, गुण कमी होत नाहीत.

यातून सेटची मांडणी कशी निघते, ते एका उदाहरणाने पाहता येईल. ड्रायव्हरचा वेग ताशी 80 मैल, आघात जवळपास सपाट. अशा खेळाडूला 12 अंशांचा ड्रायव्हर, 18 आणि 22 अंशांचे दोन फेअरवे वूड, 26 अंशांचा एक हायब्रिड, मग 30, 34, 38 आणि 42 अंशांचे आयर्न, 46, 51 आणि 56 अंशांचे तीन वेज आणि पटर, असे 12 क्लब पुरतात. नियमाने 14 बाळगता येतात. 15 अंशांचा 3 वूड या यादीत नाही, कारण या वेगाला तो गवतावरून उचलत नाही आणि बहुधा 18 अंशांच्या वूडइतकाच जातो. आयर्नवर कोणता नंबर कोरला आहे, याला इथे महत्त्व नाही. दोन क्लबांमध्ये साधारण चारपाच अंशांचे अंतर राखले की प्रत्येक पायरीला आठदहा यार्डांचा फरक मिळतो. तयार सेटमध्ये पिचिंग वेज 43 अंशांचा आणि सँड वेज 56 अंशांचा असतो, तेव्हा मध्ये 13 अंशांचे भगदाड पडते. शंभर यार्डांच्या आत, जिथे ज्येष्ठ खेळाडू सर्वांत जास्त फटके खेळतो, नेमके तिथेच.

कोकणातल्या हवामानाचाही या मांडणीशी संबंध आहे. जून ते सप्टेंबर खारघर आणि चेंबूरच्या फेअरवेवर चेंडू पडला तिथेच रुततो. घरंगळण्याचे यार्ड मिळत नाहीत. ज्याचा ड्रायव्हर सपाट जातो आणि ज्याचे निम्मे अंतर घरंगळण्यावर असते, त्याचा खेळ पावसाळ्यात एकदम आखूड होतो. मे महिन्यात तापलेल्या कडक जमिनीवर तोच खेळाडू खूश असतो आणि क्लब बरोबर असल्याचा निर्वाळा देतो. म्हणून मे महिन्यातल्या अंतरावर क्लब निवडू नये. हवेतून जाणारे अंतर हे बारमाही माप. वेजच्या तळाचा फुगवटा, म्हणजे बाउन्स, ओल्या मऊ जमिनीत 10 ते 14 अंश असला तर क्लब खोल रुतत नाही; उन्हाळ्यात कडक जमिनीवर तोच फुगवटा क्लबला उसळवतो. कोकणपट्टीत बारा महिने खेळणाऱ्याने एक वेज जास्त आणि एक कमी बाउन्सचा ठेवणे शहाणपणाचे.

चौथा समज वजनाचा. यात सत्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. 7 नंबरच्या आयर्नचे डोके सुमारे 270 ग्रॅम आणि ग्रिप 50 ग्रॅम. त्यात 110 ग्रॅमचा पोलादी शाफ्ट घातला तर क्लब 430 ग्रॅमचा होतो, 60 ग्रॅमचा ग्रॅफाइट घातला तर 380 ग्रॅमचा. अठरा होलच्या फेरीत, सरावाचे फटके धरून, हा फरक खांद्यांना जाणवतो. ग्रॅफाइट आघाताची कंपनेही पोलादापेक्षा चांगली शोषतो, म्हणून कोपर आणि बोटांचे सांधे दुखणाऱ्याने तो घ्यावा, यात वाद नाही. वाद आहे तो ‘जितका हलका तितका चांगला’ या टोकाशी. शाफ्ट चाळीस ग्रॅमपर्यंत हलका केला की अनेकांचे हात क्लबच्या पुढे धावतात, मनगटे वरूनच सुटतात आणि चेंडू फेसवर कुठेही बसू लागतो. शिवाय हलक्या शाफ्टच्या आधाराने उत्पादक ड्रायव्हर 46 इंचांपर्यंत लांब करतात. लाकडी डोक्यांच्या काळात ड्रायव्हर 43 इंचांचा असे. लांबीने मिळणारा एखाद्या मैलाचा वेग मध्यापासून इंचभर दूर बसलेल्या एका फटक्यात वाहून जातो. बहुतेक ज्येष्ठांना 44 ते 44.5 इंचांचा ड्रायव्हर जास्त अंतर देतो, कारण तो मध्यावर बसतो.

ग्रिपचा विचार सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत स्वस्त असतो. बोटांच्या सांध्यांना सूज असेल तर जाड आणि मऊ ग्रिपने मूठ सैल ठेवता येते, नियमात 1.75 इंच व्यासापर्यंत मुभा आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने गुळगुळीत झालेली जुनी ग्रिप घट्ट आवळावी लागते, त्यातून हात ताठतात आणि वेग जातो. शाफ्टवर हजारो रुपये खर्च करण्याआधी ग्रिप बदलून पाहावी.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा: मोजमाप व्यावसायिकांसाठी, आठवड्याला एकदा खेळणाऱ्याला ते कशाला? उत्तर असे की व्यावसायिक चुकीच्या क्लबशीही जुळवून घेऊ शकतो, कारण तो रोज शेकडो चेंडू मारतो. आठवड्याला एकदा खेळणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो, म्हणून क्लब बरोबर असण्याची गरज त्यालाच जास्त. शिवाय मोजमापाचा मोठा भाग यंत्राशिवाय होतो. चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने जाड ठिपका काढावा, ठिपका फेसकडे ठेवून चेंडू मारावा. फेसवर शाईचा डाग उमटतो. असे दहा चेंडू मारून डाग कुठे पडतात ते पाहावे. ते टो आणि हील दोन्हीकडे पांगले असतील तर क्लब लांब किंवा फार हलका आहे. सगळे खालच्या काठाशी असतील तर चेंडू आणखी उंच टी करावा. डाग मध्यावर असूनही चेंडू खालीच राहत असेल तर लॉफ्ट कमी आहे. कॅडीला किंवा सोबत्याला बाजूला उभे करून चेंडू हवेतून कुठे पडला, ते पावलांनी मोजून घेतले की अंतराचाही हिशेब लागतो. खारघरला एका सकाळी एवढे होते.

दुसरा आक्षेप सवयीचा: माणूस हाती आलेल्या क्लबशी जुळवून घेतोच. घेतो, पण शरीराच्या किमतीवर. कमी लॉफ्टचा चेंडू वर काढण्यासाठी पाठ मागे झुकवावी लागते. जड पोलाद ओढण्यासाठी खांदा पुढे फेकावा लागतो. मऊ शाफ्टचे डोके सावरण्यासाठी मनगट आवळावे लागते. तरुणपणी ही जुळवाजुळव खपते. साठीनंतर तिचे रूपांतर कंबरदुखीत आणि कोपराच्या दुखण्यात होते, आणि त्याचे खापर वयावर फोडले जाते.

तिसरा आक्षेप उघडपणे घेतला जात नाही. तो स्वाभिमानाचा आहे. काही ज्येष्ठ ‘सीनियर’ हा शब्द पाहूनच शाफ्ट नाकारतात आणि चाळिशीत घेतलेला कडक पोलादी सेट सत्तरीतही ओढत राहतात. वयावरून मऊ शाफ्ट घेणे जितके चुकीचे, तितकेच वय नाकारण्यासाठी कडक शाफ्ट धरून ठेवणे चुकीचे. दोघांची चूक एकच: दोघेही चेंडूकडे न पाहता शिक्क्याकडे पाहतात. पुढच्या टीवरून खेळण्याबाबतही हेच. अमेरिकेत 2011 साली पीजीए आणि यूएसजीए यांनी खेळाडूंनी आपल्या अंतराला साजेशा पुढच्या टीवरून खेळावे, यासाठी मोहीम काढली. 5 नंबरच्या आयर्नने जाणारे अंतर 36ने गुणले की साजेशी मैदानाची लांबी मिळते, हा ठोकताळा वापरता येतो: 130 यार्ड जाणाऱ्याला सुमारे 4,700 यार्ड. ज्याने 6,400 यार्डांच्या मागच्या टीवरूनच खेळायचा हट्ट धरला, त्याला कोणताही शाफ्ट वाचवू शकत नाही.

तेव्हा निवडीचा क्रम असा राहतो. प्रथम हवेतून जाणारे अंतर, चेंडूची उंची आणि फेसवरचे डाग पाहावेत. त्यावरून ड्रायव्हरचा लॉफ्ट आणि सर्वांत खालचा पेलणारा आयर्न ठरवावा. त्याखालचे सगळे आयर्न काढून त्यांच्या जागी वूड आणि हायब्रिड घ्यावेत. मग लांबी, मग एकूण वजन, मग शाफ्टचा कडकपणा, आणि तो लयीवरून, सरतेशेवटी ग्रिप. वापरलेला सेट घेतानाही हाच क्रम पाळता येतो: लॉफ्ट मोजून घ्यावा, शाफ्टवरचे अक्षर दुय्यम मानावे. साठीनंतर शरीर दर दोनतीन वर्षांनी बदलते, म्हणून ही तपासणी एकदाच करून भागत नाही. दर दोनतीन वर्षांनी ती पुन्हा करावी. ज्येष्ठ खेळाडूकडे वेग मर्यादित असतो. तो जसाच्या तसा चेंडूपर्यंत पोचवणारा क्लब मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि खोक्यावर छापलेला एक शब्द त्याला तो मिळवून देऊ शकत नाही.